दोन प्रश्नांचा एक तक्ता: टक्केवारी आडवी काढायची की उभी? (आर भाषा)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

पीएचडीसाठी सातारा जिल्ह्यातल्या काही गावांत घरोघरी जाऊन सर्वेक्षण केलं. विषय आहे दहावीनंतर मुलींचं शिक्षण. सगळी माहिती आर या सांख्यिकीच्या संगणक-भाषेत घेतली आणि पहिल्याच तक्त्यावर गाडी अडली आहे.

तक्ता साधाच आहे. ओळींत घराच्या उत्पन्नाचं मुख्य साधन (शेती, मजुरी, नोकरी, धंदा) आणि रकान्यांत मुलगी शिकते आहे की शिक्षण थांबलं. 'टेबल' फंक्शन वापरलं की नुसत्या संख्या येतात. 'प्रॉप.टेबल' वापरलं की नुसते अपूर्णांक. मला एकाच चौकटीत संख्या आणि शेजारी कंसात टक्का हवा आहे. हे कसं करायचं?

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. प्रॉप.टेबलला काहीच सांगितलं नाही तर सगळ्या चौकटी मिळून शंभर टक्के होतात. मार्जिन १ दिलं तर प्रत्येक ओळ शंभर, २ दिलं तर प्रत्येक रकाना शंभर. म्हणजे एकाच चौकटीचे तीन टक्के. माझे सर म्हणतात तिन्ही देऊन टाका, परीक्षक विचारणार नाहीत. मला ते पटत नाहीये. वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार?

---

शून्यएक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. 'जॅनिटर' नावाचं पॅकेज (तयार फंक्शनांचा जोड-संच) घ्या. त्यातल्या 'टॅबिल'ला दोन्ही चलं (उत्पन्नाचं साधन आणि शिक्षण) द्यायची, मग क्रमाने पुढच्या पायऱ्या: अ‍ॅडॉर्न_टोटल्स (बेरजेची ओळ), अ‍ॅडॉर्न_पर्सेंटेजेस (इथे 'रो', 'कॉल' किंवा 'ऑल' सांगायचं), अ‍ॅडॉर्न_पीसीटी_फॉरमॅटिंग (किती दशांश) आणि शेवटी अ‍ॅडॉर्न_एनएस. ही शेवटची पायरी मूळ संख्या परत आणते. पोझिशन 'फ्रंट' दिलंत तर संख्या आधी आणि टक्का कंसात, तुम्हाला हवं तसंच.

क्रम बदलू नका. अ‍ॅडॉर्न_एनएस शेवटीच.

---

मिरचीचा_ठेचा

एक्सेलमध्ये पिव्होट टेबल करा, चार क्लिकमध्ये काम होतं. एवढ्यासाठी आर कशाला शिकायचं?

---

शून्यएक

@मिरचीचा_ठेचा, एका तक्त्यासाठी तुमचं बरोबर आहे. पण पीएचडीत असे पन्नास तक्ते होतात, आणि मग एका गावाचे राहिलेले फॉर्म येतात. स्क्रिप्ट (लिहून ठेवलेल्या आज्ञांची फाइल) असली तर एकदा चालवायची, पन्नासही तक्ते नव्याने तयार. पिव्होटमध्ये प्रत्येक तक्ता रिफ्रेश करून, गाळण्या तपासून पुन्हा वर्डमध्ये चिकटवत बसायचं. शिवाय कोणी विचारलं की हा आकडा कुठून आला, तर स्क्रिप्टची ओळ दाखवता येते.

---

आबा_टॅली

गोदाकाठ, तुझा दुसरा प्रश्न खरा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी सरकारी सांख्यिकी कार्यालयात नोकरी केली. सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे संगणक नव्हता. मोठ्या कागदावर आडव्या-उभ्या रेघा मारून चौकटी आखायच्या, एक जण फॉर्म वाचायचा, दुसरा योग्य चौकटीत टॅली मारायचा. चार उभ्या रेघा, पाचवी त्यांना छेदून तिरकी. शेवटी आडव्या बेरजा, उभ्या बेरजा, आणि दोन्हींचा कोपऱ्यातला आकडा जुळला तरच उठायचं. प्रत्येक चौकट हाताने भरल्यामुळे ती संख्या कुठल्या बेरजेचा भाग आहे हे डोळ्यांसमोर असायचं. आता बटण दाबलं की टक्का येतो आणि तो कशाचा हे विचारायचं राहून जातं.

तर आधी वाक्य लिही, मग टक्का काढ. "मजुरी करणाऱ्या घरांतल्या मुलींपैकी इतक्या टक्के मुलींचं शिक्षण थांबलं" हे वाक्य तुला हवं असेल तर छेद मजुरीच्या घरांतल्या एकूण मुली. तुझ्या मांडणीत ती ओळ, म्हणजे मार्जिन १. "ज्यांचं शिक्षण थांबलं त्या मुलींपैकी इतक्या टक्के मजुरांच्या घरच्या" हे हवं असेल तर छेद रकान्याची बेरीज. दोन्ही वाक्यं खरी असतात, पण ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. 'पैकी' या शब्दाच्या आधी जो गट येतो तो छेद.

तुझा विषय घराच्या परिस्थितीचा शिक्षणावर काय परिणाम होतो हा आहे. म्हणून परिस्थितीचा प्रत्येक गट शंभर धर आणि गटागटांची तुलना कर. तिन्ही टक्के मुळीच देऊ नकोस.

---

रिमझिम

आबांना अनुमोदन. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, त्यासाठी टायटॅनिकचं उदाहरण घेते. आर मध्ये 'टायटॅनिक' नावाचा डेटा आयताच असतो, त्यामुळे कोणीही पडताळून बघू शकतं.

जहाजावरचे २२०१ लोक, त्यातले ७११ वाचले. गटवार वाचलेले असे: पहिला वर्ग ३२५ पैकी २०३, दुसरा वर्ग २८५ पैकी ११८, तिसरा वर्ग ७०६ पैकी १७८, आणि जहाजावरचे कर्मचारी ८८५ पैकी २१२.

वाचलेल्यांना शंभर धरलं तर सगळ्यात मोठा वाटा कर्मचाऱ्यांचा, २९.८ टक्के. पहिल्या वर्गाचा २८.६. नुसता हा रकाना छापला तर वाचणारा म्हणेल, कर्मचाऱ्यांनी आधी स्वतःचा जीव वाचवला. आता प्रत्येक गटाला शंभर धरा. पहिला वर्ग ६२.५ टक्के, दुसरा ४१.४, तिसरा २५.२ आणि कर्मचारी २४.०. म्हणजे जगण्याची शक्यता सगळ्यात कमी त्यांचीच. वाटा मोठा दिसला तो केवळ संख्येने ते जास्त होते म्हणून.

स्त्री-पुरुषांचंही तसंच. वाचलेल्या ७११ मध्ये पुरुष ३६७ आणि स्त्रिया ३४४, म्हणजे पुरुषच जास्त! पण पुरुष मुळात १७३१ होते आणि स्त्रिया ४७०. स्त्रियांपैकी ७३.२ टक्के वाचल्या, पुरुषांपैकी २१.२.

वर्गात मी आधी वाचलेल्यांचा रकाना दाखवते आणि मुलांना निष्कर्ष लिहायला सांगते. मग ओळींचा तक्ता दाखवते. त्यानंतर छेद कुठला हे कोणाला सांगावं लागत नाही.

---

कोरा_कागद

रिमझिमताई, लगेच करून बघितलं. टायटॅनिकचा डेटा फ्रेम (ओळी-रकान्यांची साधी यादी) करून त्यावर टेबल चालवलं तर प्रत्येक चौकटीत ४ येतंय. सगळीकडे ४! कुठे काय अडलं?

---

रिमझिम

अडलं काहीच नाही, टेबलने त्याचं काम केलं. टायटॅनिकचा डेटा आधीच मोजून ठेवलेला आहे. डेटा फ्रेम केली की त्यात माणसामागे एक ओळ नसते. वर्ग, लिंग, वय, वाचले की नाही या चार गोष्टींच्या प्रत्येक जुळणीची एक ओळ असते, आणि माणसांची संख्या 'फ्रीक' रकान्यात असते. अशा एकूण ३२ ओळी. वर्ग चार आणि वाचले/न वाचले दोन, म्हणजे आठ चौकटी. ३२ भागिले ८ बरोबर ४.

टेबल ओळी मोजतं. तुम्हाला फ्रीकची बेरीज हवी आहे, म्हणून 'एक्सटॅब्स' वापरा: डावीकडे फ्रीक, मग टिल्ड (~ हे चिन्ह), मग वर्ग अधिक वाचले. टॅबिलच हवं असेल तर आधी टायडीआर पॅकेजमधलं 'अनकाउंट' वापरून माणशी एक ओळ करा. जनगणनेचे किंवा जिल्हा सांख्यिकी पुस्तिकेतले आकडे घेताना हे हमखास लागतं, कारण तेही मोजलेलेच मिळतात.

---

परदेशी_पाखरू

आणखी एक खड्डा दाखवते. मूळ आर मध्ये बेरजा जोडायला 'अ‍ॅडमार्जिन्स' आहे. बरेच जण आधी बेरजा जोडतात आणि मग प्रॉप.टेबल चालवतात. तसं केलं की बेरजेचा रकानाही छेदात मोजला जातो. पहिल्या वर्गाच्या ओळीत २०३ वाचले, १२२ बुडाले आणि ३२५ बेरीज असते, त्यामुळे छेद होतो ६५०. वाचलेले ६२.५ च्या जागी ३१.२ टक्के. ओळीतला प्रत्येक टक्का बरोबर निम्मा! आर तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो तीन रकान्यांचा तक्ता आहे.

आधी टक्के, मग बेरजा. जॅनिटरला बेरजेची ओळ ओळखता येते, तिथे हा त्रास नाही.

पायथन भाषा वापरणाऱ्यांसाठी: तिच्या पांडाज पॅकेजमध्ये 'क्रॉसटॅब' आहे, त्यात नॉर्मलाइझला 'इंडेक्स' दिलं की ओळी शंभर, 'कॉलम्स' दिलं की रकाने. टक्के आणि संख्या एका चौकटीत हव्या असतील तर दोन तक्ते करून जोडावे लागतात. स्टाटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये टॅब्युलेट लिहून 'रो' जोडलं की संख्येखाली ओळीचा टक्का येतो. मला रोजच्या कामाला अजूनही तेच सगळ्यात सुटसुटीत वाटतं.

---

डॉ_निशिगंध

आबांचा नियम बहुतेक वेळा चालतो, पण सरसकट नाही. "कारणाला शंभर धरा" म्हणण्याआधी माहिती कशी गोळा केली ते बघावं लागतं.

डॉल आणि हिल या संशोधकांचा १९५० चा लंडनच्या रुग्णालयांतला अभ्यास घ्या. फुप्फुसाचा कर्करोग झालेले ६४९ पुरुष आणि तो नसलेले ६४९ पुरुष. रुग्णांत धूम्रपान करणारे ६४७, न करणारे २. दुसऱ्या गटात करणारे ६२२, न करणारे २७.

कारण धूम्रपान, म्हणून त्याला शंभर धरलं तर १२६९ पैकी ६४७, म्हणजे "धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५१ टक्क्यांना कर्करोग". हा आकडा निरर्थक आहे. संशोधकांनी रुग्ण आणि इतर मुद्दाम समसमान निवडले होते, ५१ त्यातून आला. दुसऱ्या गटात दुप्पट माणसं घेतली असती तर तो खाली आला असता आणि रोग मात्र तेवढाच राहिला असता.

इथे रोगाच्या बाजूने शंभर धरावं लागतं. धूम्रपान न करणारे रुग्णांत ०.३ टक्के, इतरांत ४.२. आणि संबंध किती घट्ट हे सांगायला ऑड्स रेशो, म्हणजे रुग्णांतलं 'करणारे भागिले न करणारे' हे प्रमाण इतरांतल्या त्याच प्रमाणाने भागायचं. ६४७ गुणिले २७, भागिले २ गुणिले ६२२, म्हणजे सुमारे १४. हा गुणोत्तराचा आकडा ओळीकडून काढा की रकान्याकडून, तोच येतो.

गोदाकाठ, तुम्ही घरं कशी निवडलीत? शाळा सोडलेल्या मुली मुद्दाम शोधून घेतल्या असतील तर ओळीची टक्केवारी देता येणार नाही.

---

गोदाकाठ

डॉक्टर, नाही. गावाच्या यादीतून ठराविक अंतराने घरं घेतली, मुलगी शिकते की नाही हे घरी गेल्यावरच कळलं.

---

डॉ_निशिगंध

मग आबांचा सल्ला तुम्हाला तंतोतंत लागू. ओळी शंभर.

---

आबा_टॅली

डॉक्टरांचा मुद्दा मान्य. आमच्या सर्वेक्षणांत नमुना नेहमी यादीवरूनच निघायचा, त्यामुळे मी त्या बाजूने लिहिलं. निवड कुठल्या बाजूने झाली हे आधी विचारायला हवं.

---

शून्यएक

टक्का बरोबर काढला तरी तिसरी गोष्ट लपलेली असू शकते, त्याचं उदाहरण आर मध्येच आहे. 'यूसीबीअ‍ॅडमिशन्स': बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले १९७३ चे पदव्युत्तर प्रवेश, सर्वांत मोठे सहा विभाग, ४५२६ अर्ज. १९७५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात यावर लेख आला होता.

पुरुषांचे २६९१ अर्ज, प्रवेश ११९८, म्हणजे ४४.५ टक्के. स्त्रियांचे १८३५ अर्ज, प्रवेश ५५७, म्हणजे ३०.४ टक्के. छेद बरोबर, ओळी शंभर, आणि फरक चौदा टक्क्यांचा. सरळ भेदभाव वाटतो.

आता विभागवार बघा. 'ए' विभागात स्त्रिया १०८ पैकी ८९, म्हणजे ८२.४ टक्के. पुरुष ८२५ पैकी ५१२, ६२.१ टक्के. 'बी', 'डी' आणि 'एफ' मध्येही स्त्रियांचा टक्का थोडा वरच. 'सी' आणि 'ई' मध्ये पुरुष किंचित पुढे. मग एकूणात एवढा फरक कसा? पुरुषांचे निम्म्याहून जास्त अर्ज, ५१.५ टक्के, 'ए' आणि 'बी' या सहज प्रवेश मिळणाऱ्या विभागांत होते. स्त्रियांचे तिथे फक्त ७.२ टक्के. त्यांचे अर्ज जिथे सगळ्यांनाच प्रवेश कठीण, तिथे जास्त होते. याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात.

म्हणून गोदाकाठ, एक तक्ता तालुकावारही काढून बघा. टॅबिलला तिसरं चल दिलं की तालुक्यागणिक वेगळा तक्ता येतो. मूळ आर मध्ये 'एफटेबल' तीन चलांचा तक्ता सपाट करून दाखवतं.

---

रिमझिम

शून्यएक, छान मांडलंत. एक भर: विभागवार तक्ता बघून "भेदभाव नव्हताच" असं विद्यार्थी घाईने लिहितात. मुली त्या विभागांकडे का वळल्या, की त्यांना वळवलं गेलं, हा प्रश्न तक्त्याबाहेर तसाच उभा असतो.

---

गोदाकाठ

तालुकावार काढला आणि भलतंच झालं. कऱ्हाड दोनदा येतंय! दोन ओळी, दोन्हींचं नाव 'कऱ्हाड'च, डोळ्यांना काडीचा फरक दिसत नाही. पाटण आणि कोरेगाव एकेकदाच आहेत.

---

मिरचीचा_ठेचा

एक जुनं कऱ्हाड आणि एक नवं कऱ्हाड :) पिव्होटमध्येही असंच झालं असतं, हे मान्य करतो.

---

शून्यएक

हा आपल्या लिपीचा खास प्रश्न आहे. फॉर्म वेगवेगळ्या मोबाइलवर भरले ना? 'ऱ' दोन प्रकारे साठवला जातो. एका कीबोर्डवरून तो एकसंध अक्षर म्हणून येतो, दुसऱ्यावरून 'र' आणि त्याखालचा नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हं येतात. पडद्यावर सारखंच, संगणकाला वेगळं. 'स्ट्रिंगआय' पॅकेजमधलं 'स्ट्रि_ट्रान्स_एनएफसी' चालवलं की दोन्ही एक होतात. काही जण 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून अर्धा र लिहितात. तो प्रकार एनएफसीने जात नाही, तिथे शोधून बदलावं लागेल.

जोडीला 'स्ट्रि_ट्रिम_बोथ'ही चालवा. 'शेती' आणि शेवटी रिकामी जागा असलेलं 'शेती' हे सुद्धा दोन गट होतात.

पुढच्या वेळी मोबाइलवर तालुका लिहायला देऊ नका, यादीतून निवडायला द्या.

---

गोदाकाठ

झालं!! दोन्ही कऱ्हाड एक झाले. मनापासून आभार.

एक शंका राहिली. बेरीज माझ्या एकूण फॉर्मपेक्षा कमी येतेय.

---

परदेशी_पाखरू

टेबल वापरलं असेल तर ज्या ओळीत उत्तर कोरं आहे ती तो गुपचूप गाळतो. 'यूजएनए'ला 'इफएनी' सांगा, मग कोरी उत्तरं वेगळी दिसतील. टॅबिल उलट वागतं. ते कोरी उत्तरं दाखवतं आणि टक्क्याच्या छेदातही धरतं. म्हणून दोन्हींचे टक्के जुळत नाहीत. कोरी उत्तरं छेदात ठेवायची की नाही हे तुम्ही ठरवा आणि तक्त्याखाली लिहा. माझं मत, आधी एकदा बघायचीच. मजुरीच्या घरांत कोरी उत्तरं जास्त असतील तर तीही माहितीच आहे.

---

आबा_टॅली

लहान चौकटींबद्दलही सांगतो. धंदा करणारी घरं थोडीच असतील तर त्यांचा टक्का फसवा निघतो. चार मुलींपैकी एक म्हणजे २५ टक्के, आणि एक मुलगी इकडची तिकडे झाली की ५०. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे अहवाल उघडून बघ. प्रत्यक्ष प्रकरणं २५ ते ४९ असतील तर टक्का कंसात छापतात, २५ पेक्षा कमी असतील तर टक्का न देता तारांकन (*). देशाचा अहवाल काढणारे ही शिस्त पाळतात, आपणही पाळावी.

त्याच सर्वेक्षणाचा कच्चा डेटा कोणी वापरत असेल तर भारांक (प्रत्येक मुलाखतीला किती वजन द्यायचं तो आकडा) विसरू नका. स्त्रियांच्या फाइलमधला भारांक दहा लाखांनी भागून घ्यायचा, आणि साध्या टेबलऐवजी 'सर्व्हे' पॅकेजमधलं 'एसव्हीवायटेबल' वापरायचं. टक्का भारित, पण शेजारची संख्या प्रत्यक्ष मुलाखतींची द्यावी.

---

कोरा_कागद

आणि टक्क्यांची बेरीज १०१ आली तर? टायटॅनिकच्या वाचलेल्यांचे पूर्णांकात २९, १७, २५, ३०. बेरीज १०१!

---

रिमझिम

येऊ द्या. एक दशांश ठेवलात तर २८.६, १६.६, २५.०, २९.८, बेरीज बरोबर १०० येते. पूर्णांकच हवे असतील तर खाली "पूर्णांकनामुळे बेरीज १०० होईलच असे नाही" एवढं लिहायचं. जुळवण्यासाठी एखादा आकडा हाताने बदलणं मात्र कधीच नाही.

---

गोदाकाठ

सगळ्यांचं वाचून असं ठरवलं: ओळी शंभर, चौकटीत संख्या आणि कंसात एक दशांश टक्का, ओळीच्या शेवटी एकूण मुली, कोऱ्या उत्तरांची संख्या तळटीपेत, धंदा आणि नोकरी हे गट लहान असल्याने टक्का कंसात न देता नुसती संख्या. तालुकावार तक्ता परिशिष्टात. सरांना आबांचं 'पैकी' असलेलं वाक्य वाचून दाखवलं, ते लगेच म्हणाले, मग एकच टक्का ठेवा.

आता हे वर्डमध्ये नेताना मराठी अक्षरं वेगळ्याच फॉन्टमध्ये येतात. मी फ्लेक्सटेबल हे तक्ते वर्डमध्ये नेणारं पॅकेज वापरतेय, फॉन्टचं नाव दिलं आहे तरी.

---

शून्यएक

फ्लेक्सटेबलच्या 'फॉन्ट' फंक्शनमध्ये 'सीएस.फॅमिली' असा वेगळा पर्याय आहे, तिथेही तेच नाव आहे ना ते बघा. वर्ड देवनागरीसाठी तो फॉन्ट बघतं. तिथे काहीच दिलं नसेल तर 'फॉन्टनेम'मधलंच नाव धरलं जातं. शीर्षकाच्या ओळीसाठी 'पार्ट'ला 'ऑल' सांगायला विसरू नका, नाहीतर खालची अक्षरं बदलतील आणि रकान्यांची नावं तशीच राहतील.